लघु-चेतनपटाचा आस्वाद : ‘एक अनेक और एकता’च्या निमित्ताने

साहित्यसमीक्षेला वाहिलेल्या नियतकालिकात कार्टूनच्या लघुपटाविषयी लिहावयाचे म्हटले, की विषयाच्या अधिकाराचाच प्रश्न प्रथम उभा राहतो. बोलपटाने आपली जागा समीक्षेत कधीच मिळविली आहे. पण चित्रांना चालते-बोलते करणारा सहा-सात मिनिटांचा पट मात्र अद्याप ओसरीवरच उभा आहे. तो लहान मुलांकरिता असतो हे एक कारण, आणि आपल्याकडे तो बहुधा सरकारी खात्याने काढलेला असतो हे दुसरे. ज्यांनी हे पट बालपणी पाहिले त्यांना ते प्रिय आहेत यात शंका नाही. परंतु ते प्रेम बहुतांशी स्वतःच्या बालपणावरील असते. आठवणीने डोळे ओलावणे आणि कलाकृतीचा आस्वाद घेणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि पहिली गोष्ट जितकी सहज घडते तितकी दुसरीची गरज कमी भासू लागते. ‘एक अनेक और एकता’ हा १९७४ सालचा लघुपट या प्रेमळ उपेक्षेचे उत्तम उदाहरण होय. दूरदर्शनवर तो पुनःपुन्हा दाखविला गेला, त्याचे गाणे एका पिढीच्या तोंडी बसले, उत्कृष्ट शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्यास मिळाला. पण तो कसा घडला आहे याची विचारपूस फारशी कोणी केली नाही.

प्रथम नावाविषयी थोडे. मराठीत या प्रकारास ‘व्यंगचित्रपट’ म्हणण्याची रीत पडली, ती वृत्तपत्रातील व्यंगचित्रावरून. परंतु व्यंग हा या कलेचा एक संभाव्य रस झाला, तिचे लक्षण नव्हे. ‘अ‍ॅनिमेशन’ या शब्दाच्या मुळाशी जो लॅटिन शब्द आहे त्याचा अर्थ श्वास, प्राण असा होतो. मूर्तीत प्राण भरण्यासाठी आपल्याकडे ‘प्राणप्रतिष्ठा’ हा शब्द आहे. पण तो देव्हाऱ्यात इतका स्थिर झाला आहे की तेथून त्याला उचलणे प्रशस्त वाटत नाही. प्रस्तुत लेखात ‘चेतनपट’ असा शब्द योजला आहे. अनुवादकाची ही जुनी खोड म्हणून वाचकांनी ती सोडून द्यावी, पण शब्दाने दृष्टी बदलते हे खरे. ‘व्यंग’ शोधणारा प्रेक्षक विनोद कोठे आहे ते पाहतो. ‘चेतना’ शोधणारा हालचालीकडे पाहू लागतो. या कलेत पाहावयाचे ते तेच आहे.

ही चेतना आपल्या मातीत बरीच जुनी आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली भांडवल उभे करण्यासाठी जो प्रयोग केला, तो एका रोपाच्या वाढीचा होता. कुंडीतले बी रोज थोडथोडे वाढत होते आणि कॅमेरा त्याची एकेक चौकट टिपीत होता. पडद्यावर तेच रोप क्षणार्धात अंकुरले. पुढे त्यांनी आगकाड्यांनाही अशाच रीतीने नाचविले. म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर येण्यापूर्वीच चौकटीमागून चौकट रचण्याची ही विद्या एका मराठी माणसाच्या हाती आली होती. १९३४ च्या सुमारास प्रभात फिल्म कंपनीने ‘जंबूकाका’ हा चित्रपट काढला. त्यापुढचा काळ तुरळक प्रयत्नांचा आहे, आणि तो येथे ओलांडून जाण्यास हरकत नाही.

संघटित काम सुरू झाले ते १९५६ साली, मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये व्यंगचित्रपटांचा स्वतंत्र विभाग निघाला तेव्हा. शिकविण्यासाठी अमेरिकेतून क्लेअर वीक्स आले. ते डिस्नेच्या चित्रशाळेत काम केलेले, ‘बॅम्बी’च्या निर्मितीत सहभागी असलेले, आणि योगायोगाने मिशनरी मातापित्यांच्या पोटी भारतातच जन्मलेले. त्यांच्या हाताखाली १९५७ साली ‘द बनियन डीअर’ हा लघुपट तयार झाला. विषय निग्रोधमृग जातकाचा : गर्भवती हरिणीच्या ऐवजी स्वतःची मान पुढे करणाऱ्या मृगराजाचा. कथा इतकी आपली, आणि हरणे मात्र हॉलिवूडच्या अरण्यातील वाटावीत अशी! ही टीका सोपी आहे. ती अनेकांनी केलीही आहे. पण शिष्य गुरूच्या हस्ताक्षरात पहिली पाटी गिरवतो, त्यात दोष तो काय? याच विभागात राम मोहन घडले, जी. के. गोखले यांनी ‘होमो सॅप्स’ केला. चेकोस्लोव्हाकियात शिकून आलेल्या प्रमोद पती यांनी ‘आबिद’मध्ये (१९७२) जिवंत माणसालाच चौकटीमागून चौकट हलवून बाहुल्याप्रमाणे नाचविले. आणि १९६१ साली याच विभागात मुलतानहून फाळणीत विस्थापित झालेल्या कुटुंबातील एक तरुण दाखल झाला. त्याचे नाव भीमसेन. त्याच्या ‘द क्लाइंब’ (१९७०) या लघुपटाला शिकागोच्या महोत्सवात पारितोषिक मिळाले. ‘एक अनेक और एकता’ची चित्ररचना आणि संचेतन हे याच भीमसेन यांचे.

दिग्दर्शन विजया मुळे यांचे. मुंबईत १९२१ साली जन्मलेल्या, विवाहानंतर पाटण्यास गेलेल्या, लीड्स येथे शिक्षणशास्त्र शिकून आलेल्या आणि पुढे दिल्लीकर झालेल्या या विदुषींचे नाव महाराष्ट्रापेक्षा बाहेरच अधिक घेतले जाते. १९५९ साली दिल्लीतील फिल्म सोसायटी उभी करण्यात त्यांचा पुढाकार होता. त्याच वर्षी स्थापन झालेल्या फिल्म सोसायट्यांच्या अखिल भारतीय संघात, सत्यजित राय अध्यक्ष असताना, त्या सहकार्यवाह होत्या. मे २०१९ मध्ये दिल्लीतच त्यांचे निधन झाले. गीत पंडित विनयचंद्र मौद्गल्य यांचे. दिल्लीच्या गांधर्व महाविद्यालयाचे हे संस्थापक विनायकराव पटवर्धनांचे शिष्य, म्हणजे विष्णु दिगंबरांच्या परंपरेतील. संगीत वसंत देसाई यांचे. त्यांची उमेदवारी ‘प्रभात’मध्ये झालेली. आणि गाणारा बालस्वर साधना सरगम यांचा. एका हिंदी लघुपटाच्या मागे मराठीची एवढी वीण असावी, हे ध्यानी घेण्याजोगे आहे. मात्र तिचा अभिमान मिरवून आस्वादाचे काम होत नाही. म्हणून आता पटाकडेच वळावे.

पट सुमारे सात मिनिटांचा. पडद्यावर सेकंदास चोवीस चौकटी धावतात. या हिशेबाने दहा हजार ऐंशी चौकटी झाल्या. प्रत्येक चित्र दोन चौकटी टिकविले तरी पाच हजार चाळीस चित्रे लागतील. पारदर्शक पत्र्यावर, ज्याला धंद्यात ‘सेल’ म्हणतात, आकृती रंगवायची, खाली पार्श्वभूमीचे चित्र ठेवायचे, वरून कॅमेऱ्याने टिपायचे, आणि पुढचा सेल ठेवायचा. हा खर्च व हे श्रम सरकारी बोधपटास परवडणारे नसतात. तेव्हा काटकसर अपरिहार्य होते : आकृती स्थिर ठेवून केवळ तोंड हलवायचे, एकदा काढलेली चाल पुनःपुन्हा वापरायची, पार्श्वभूमी सपाट ठेवायची. चेतनपट पाहताना पहिली कसोटी ही, की ही काटकसर दारिद्र्य म्हणून दिसते की शैली म्हणून. अमेरिकेत १९५० नंतर युपीए या चित्रशाळेने डिस्नेच्या गोलाईदार वास्तवाला नकार देऊन सपाट रंग आणि थोडी हालचाल हीच आपली भाषा केली, आणि तिचा बोलबाला झाला. आपल्याला तर तिच्यासाठी इतक्या दूर जाण्याचेही कारण नव्हते. पैठणची चित्रकथी पोथी ज्याने पाहिली आहे त्याला एका बाजूने काढलेले चेहरे, मोठा डोळा, रिकामी पार्श्वभूमी आणि कथेकऱ्याच्या आवाजाने हलणारे स्थिर चित्र यांचे नवल वाटत नाही. भीमसेन यांच्या डोळ्यांपुढे चित्रकथी होती असा दावा मी करीत नाही. परंतु ज्या प्रेक्षकाच्या दृष्टीला ती परंपरा आहे, त्याला या पटाची स्थिरता उणीव म्हणून खुपत नाही, एवढे म्हणता येईल.

दुसरी कसोटी लयीची. बा. सी. मर्ढेकरांनी सौंदर्यानुभवाची मांडणी करताना संवाद, विरोध आणि समतोल अशी लयीची तीन अंगे सांगितली. मर्ढेकरांचा सिद्धांत साहित्याला लावताना जे ओढाताणीचे वाटते, ते येथे अगदी सहज बसते. कारण चेतनपटात लय ही उपमा राहत नाही, ती चौकटींच्या संख्येत मोजता येते. या पटाचा पूर्वार्ध पाहावा. लहान मुलांना ‘अनेक’ म्हणजे काय ते उमगत नाही, आणि त्यांची दीदी ते समजावून देते. सूर्य एक, चंद्र एक. तारे मात्र अनेक. मग एक खार येते, तिच्यामागून आणखी एक, आणि पाहता पाहता पडदा खारींनी भरतो. फुलपाखरांचेही तसेच. येथे व्याख्या शब्दाने दिलेली नाही. एकाच आकृतीची पुनरावृत्ती हेच चेतनपटाचे स्वस्तातले साधन. काटकसर म्हणून जे करावे लागते, तेच येथे आशय झाले आहे. ‘अनेक’ हा शब्द शिकविण्यासाठी याहून योग्य माध्यम नाही, कारण हे माध्यम मुळातच एकातून अनेक काढून जगते. छायाचित्रित पटात दहा खारी दाखविणे म्हणजे दहा खारी पकडणे आले! संवादलय ती ही. आकाशातील एकट्या चंद्राच्या शांततेनंतर होणारी गर्दी हा विरोध. आणि ती गर्दी पुढे गोष्टीच्या रूपाने पुन्हा एका आकृतीत बांधली जाते, तो समतोल.

ती गोष्ट पंचतंत्राच्या दुसऱ्या तंत्रातली, मित्रसंप्राप्तीतली. हितोपदेशात तीच मित्रलाभ या प्रकरणात येते. पारध्याच्या जाळ्यात सापडलेली पाखरे जाळ्यासकट उडतात आणि उंदरांकडून ते कुरतडून घेतात. गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. म्हणूनच पटाने तिच्यात काय ठेवले आणि काय गाळले हे पाहणे बोधप्रद ठरते. संस्कृतातील पाखरे ही कबुतरे आहेत आणि त्यांना चित्रग्रीव नावाचा राजा आहे. उडण्याची मसलत त्याची. आणि मित्र हिरण्यक उंदीर जेव्हा प्रथम त्याचे पाश तोडू लागतो, तेव्हा ‘आधी माझ्या आश्रितांचे’ असा आग्रह तो धरतो. मूळ कथेचे नैतिक वजन तेथे आहे. ती राजधर्माची कथा आहे. पटात राजा नाही. एकमेकांसारखी दिसणारी लहान लहान पाखरे आहेत, ती मिळून ठरवितात आणि मिळून उडतात. उंदीरही एकटा हिरण्यक नाही, ते उंदरांचे गावच आहे. प्रजासत्ताकाला अडीच दशके होत असताना केलेला हा अनुवाद आहे, आणि अनुवादात जे गळते तेच कधी कधी अनुवादकाचे मत असते. दिग्दर्शिकेने राजा काढून टाकला, पण एक शब्द मात्र जपला. दीदी पारध्याला ‘व्याध’ म्हणते. आणि मूल लगेच अडते : व्याध म्हणजे कोण? बालपटातून असा अवघड शब्द कोणीही काढून टाकला असता. येथे तो ठेवला आहे आणि त्याचा अर्थ विचारण्याची मुभाही ठेवली आहे. मुलाच्या बुद्धीवर एवढा विश्वास टाकणारे बोधपट थोडेच आढळतील.

आणखी एक गोष्ट गाळली गेली आहे, आणि तिच्याबाबत मला इतके निःशंक वाटत नाही. संस्कृत कथेतला पारधी जाळ्यामागे धावत जातो. ही पाखरे आपसात भांडू लागली की खाली पडतील, ही त्याची आशा. सम्मोदमान जातकात तर ती आशा खरी ठरते. तेथील लावे एकजुटीने जाळे उचलून पुष्कळ दिवस पारध्याला चकवितात. परंतु एके दिवशी एकाचा पाय दुसऱ्याच्या डोक्यावर पडतो, भांडण जुंपते, ‘तूच उचल जाळे’ अशी बाचाबाची होते, आणि पारधी सगळ्यांना गोळा करून घेऊन जातो. पटातील दीदीच्या कथनात सुटकेनंतर व्याध पुन्हा येत नाही. बालकांसाठी ते ठीकच आहे असे कोणी म्हणेल. परंतु मराठी प्रेक्षकाला हा शेवट इतका सहज विसरता येत नाही. पानिपतजवळ काला अंब येथे जे स्मारक आहे, त्याच्याभोवती १४ जानेवारी १७६१ च्या युद्धाची स्मृती आहे. तेथे आता आंब्याचे झाड नाही, नाव तेवढे उरले आहे. सांडलेल्या रक्ताने त्याची फळेही काळवंडली अशी लोककथा सांगतात. दर संक्रांतीस दिल्लीकडील आणि महाराष्ट्रातूनही मराठी माणसे तेथे जमतात. ‘पानिपत होणे’ हा वाक्प्रचार ज्या भाषेने आपल्या नित्याच्या बोलण्यात घेतला, तिच्या वाचकास जातकातला लावा अधिक खरा वाटला तर नवल नाही. पानिपतच्या पराभवाची कारणे केवळ बेकीत शोधणे इतिहासाला धरून होणार नाही. अन्नधान्याची टंचाई, तुटलेली रसद, बाजारबुणग्यांचा व यात्रेकरूंचा भार ही कारणेही तितकीच मोठी. परंतु लोकस्मृती कारणांची वाटणी अशी काटेकोर करीत नाही.

गंमत अशी, की या पटातही आंबा आहे. गोष्ट ऐकून झाल्यावर मुले विचारतात, की आपण एक झालो तर या झाडाचे आंबे काढता येतील काय? दीदी होकार देते, पण एक अट घालते : जुगत लढवावी लागेल. संपूर्ण पटातील मला सर्वाधिक आवडणारी जागा ती ही. एकतेचा बोध संपून राष्ट्रगानाकडे वळण्याच्या बेतात असलेला पट क्षणभर खाली उतरतो आणि एका झाडापाशी थांबतो. एकत्र येणे पुरेसे नाही, डोके चालवावे लागते, ही पुस्ती बोधपटाच्या तत्त्वज्ञानात बसणारी नव्हे. ती मुलांच्या खेळातून आली आहे. आपल्याकडे ‘कलेसाठी कला’ आणि ‘जीवनासाठी कला’ यांचा वाद एके काळी हिरिरीने खेळला गेला. बोधप्रधान कृती कलाकृती ठरते काय, या प्रश्नाचे उत्तर तत्त्वतः देण्यापेक्षा अशा जागा दाखवून देणे बरे. बोधाच्या वाटेवर ज्या कृतीत बोधाहून जास्त काही सापडते, ती कृती वाचावी.

ध्वनीविषयी दोन शब्द. वसंत देसाई यांनी बालसमूहांकडून मोठ्या प्रमाणावर गाणी गाऊन घेतली. समूहाच्या गळ्याला काय पेलते हे त्यांना नेमके ठाऊक होते. येथील चाल लहान स्वरपल्ल्यातली, पावलावर पडणारी आहे. पाखरे उडतात तेव्हा शब्द संपून केवळ पंखांचा अनुकार उरतो, आणि त्या एका ध्वनीवर जाळे वर जाते. हा पट एकदा आवाज बंद करून पाहावा आणि एकदा डोळे मिटून ऐकावा. मग कळते की चित्र जेथे थांबते तेथे स्वर चालतो, आणि स्वर थांबतो तेथे चित्र झेप घेते. पैशाची बचत कोठे केली आणि खर्च कोठे केला हेही त्यावरून कळते.

दोषही सांगितला पाहिजे. ‘अनेक’चे गुणगान करणारा हा पट बोलतो मात्र एकाच भाषेत. शेवटच्या गीतात रंग, रूप, वेष आणि भाषा यांच्या भिन्नतेचा गौरव आहे. पण ती भिन्नता ऐकू येत नाही. १५ ऑगस्ट १९८८ रोजी दूरदर्शनने प्रथम दाखविलेल्या ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ने ही उणीव भरून काढली, तिथे अनेक भाषा खरोखर कानी पडतात. मात्र प्रत्येक भाषेच्या वाट्याला जवळजवळ तोच एक आशय आला. एकीकडे आशय विपुल आणि भाषा एक, दुसरीकडे भाषा विपुल आणि आशय एक! भीमसेन यांच्यासारख्या, घर सीमेपलीकडे राहिलेल्या चित्रकाराने एकतेचा पट रंगविताना फाळणीची खूण कोठेही उमटू दिली नाही, याचे मात्र मला कौतुक वाटते. ती उमटली असती तर पटाचा भार वाढला असता, आणि मुलांना तो उचलवला नसता.

हा पट मराठीत आणावयाचा झाला तर काय करावे, याचा विचार व्यवसायामुळे मनात येतोच. ‘एक’ आणि ‘अनेक’ जसेच्या तसे येतील. ‘व्याध’ही येईल, आणि मराठी मूल तेथे तसेच अडेल, ही सोयच म्हणावयाची. ‘जुगत’ आजच्या मराठीत मागे पडली असली तरी संतांच्या वाणीतील ‘जुगुती’च्या नात्याने ती परकी वाटणार नाही, ‘युक्ती’ हा सपाट शब्द तेथे घालू नये. अडचण आहे ती पाखरांची. हिंदीतील ‘चिड़िया’ हा शब्द कोणत्याही लहान पक्ष्याला लागू पडतो आणि चिमणीलाही. तो स्त्रीलिंगी, आणि मुलींच्या खेळात सहज मिसळणारा. मराठीत ‘पक्षी’ म्हणावे तर तो शास्त्राच्या पुस्तकात जाऊन बसतो. ‘कबुतरे’ म्हणावे तर पंचतंत्राशी इमान राहते, पण पडद्यावरील चित्राशी बिघडते. ‘चिमण्या’ म्हणावे तर गोष्ट एकदम काऊ-चिऊच्या घरात शिरते आणि जाळ्याची भीती उणावते. मी ‘पाखरे’ हा शब्द पसंत करीन. त्याला लिंगाचा त्रास नाही, आणि मराठी आईच्या तोंडी तो आपल्या मुलांसाठीही असतो.